आधी कारण, मग काढा

माझ्या आईला गजानन महाराजांच्या 'गजानन विजय' ग्रंथाचे कितीतरी अध्याय तोंडपाठ. पोथी समोर उघडायची ती रीत म्हणून; वाचताना तिचे डोळे बहुतेक वेळ मिटलेलेच. एका गुरुवारी सकाळी तिनं पोथी लाल फडक्यात बांधून ठेवली, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन थांबली आणि मला म्हणाली, "बापू, चाय घेतला काय रे म्या?" कप तिच्या हातातच होता. अर्धा प्यायलेला, अजून कोमट.

तेव्हा ती ६७ वर्षांची होती. आम्ही शेगावचे. आमच्या गल्लीत दुखणं एकाचं असलं तरी उपाय प्रत्येकाकडे असतो. कुणी ब्राह्मी तेलाची बाटली आणून दिली, कुणी शंखपुष्पीचं सरबत. रोज रात्री पाच बदाम भिजत पडू लागले. संग्रामपूरकडच्या एका नातेवाइकानं सातपुड्यातून मालकांगोणीचं तेल आणलं. त्याचे दोन थेंब बत्ताशावर टाकून आई सकाळी घ्यायची. सगळं मायेनं दिलेलं होतं आणि तिनंही ते मायेनं घेतलं. असे आठ महिने गेले. त्या आठ महिन्यांत दोनदा गॅस उघडा राहिला आणि एका संध्याकाळी मंदिरातून घरी यायला निघालेली आई उलट दिशेनं थेट स्टेशनवर जाऊन बसली. पायाला मुंग्या येतात, चप्पल कधी निसटते ते कळत नाही, असं ती मधूनमधून म्हणायची. आम्ही ते वयाच्या खात्यात टाकलं. जिथं ती दर महिन्याला साखर तपासून घ्यायची, तिथंही "या वयात होतंच" एवढंच ऐकायला मिळालं.

शेवटी अकोल्याला एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आईला आधी काही आठवतं का हे विचारलंच नाही. जीभ बाहेर काढायला सांगितली. जीभ लाल होती आणि काचेसारखी गुळगुळीत. मग एक लोखंडी चिमटा टेबलाच्या कडेवर आपटून त्यांनी तो आईच्या घोट्याच्या हाडावर टेकवला. चिमटा थरथरत होता, मला त्याची गुणगुण ऐकू येत होती. आईला पायात काहीच जाणवत नव्हतं. नंतर त्यांनी तिच्या गोळ्या मागितल्या. मधुमेहाची मेटफॉर्मिन ११ वर्षं चालू होती. ॲसिडिटीची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी, तीही ६ वर्षं. जेवणात अंडं कधीच नाही, दूध चहापुरतं, आणि गुरुवार, एकादशी, चतुर्थी हे उपास. रक्ताचा अहवाल दुसऱ्या दिवशी आला. बी-१२ जीवनसत्त्व २०० च्या वर हवं, ते ९८ होतं. इंजेक्शनं सुरू झाली. तिसऱ्या महिन्यात आईनं मला किराण्याच्या यादीतली चूक दाखवली. पायाच्या मुंग्या मात्र पूर्ण गेल्या नाहीत. आधीचे आठ महिने वाया गेले नसते तर त्याही गेल्या असत्या, असं डॉक्टर म्हणाले. ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही.

त्याच सुमारास खामगावला माझी आत्या तोच प्रश्न विचारू लागली होती. चहा झाला का, जेवण झालं का, आज कोणता वार. या वेळी आम्ही शहाणे झालो होतो. सगळ्या तपासण्या पहिल्याच महिन्यात केल्या. बी-१२ ठीक, थायरॉईड ठीक, साखर ठीक. आत्याला अल्झायमर होता. सहा वर्षांत ती माणसं विसरली, मग नावं, मग घास गिळणं.

एकच प्रश्न, एकाच घराण्यातल्या दोन बायका. एकीला इंजेक्शननं परत आणलं, दुसरीला जगातल्या कोणत्याही औषधानं आणता आलं नसतं. विसरणं हा एक आजार नाही. तापासारखं ते एक लक्षण आहे. ताप हिवतापाचा की टायफॉईडचा हे पाहिल्याशिवाय आपण औषध देत नाही. मग विसरण्यावर मात्र गल्लीतली पहिली बाटली का देतो? पुढच्या पानांत वनस्पती आहेत, आहार आहे, दिनचर्या आहे. वाचकाला तिकडे सोडण्याआधी कारणांपाशी थांबवून ठेवणं हे या प्रस्तावनेचं काम आहे असं मी समजतो.

साधं विसरणं आणि काळजीचं विसरणं यांतला फरक घरातल्या माणसाला ओळखता येतो. ओळखीच्या माणसाचं नाव ऐनवेळी न आठवणं आणि तासाभरानं आठवणं हे वयानं होतं. किल्ली कुठं ठेवली हे विसरणंही. पण किल्ली हातात असून तिचं काय करायचं हे न सुचणं, चाळीस वर्षं केलेली पुरणपोळी अर्ध्यावर अडणं, बाजारात सुट्टे पैसे मोजता न येणं, रोजच्या रस्त्यावर परकं वाटणं, ही वेगळी गोष्ट आहे. आणखी एक खूण अनुभवी डॉक्टर सांगतात. "मला फार विसरायला होतंय हो" अशी तक्रार माणूस स्वतः करत असेल तर बरेचदा ताण, अपुरी झोप किंवा उदासी निघते. तक्रार घरचे करत असतील आणि माणूस म्हणत असेल "मले काय झालं?", तर उशीर करू नये.

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपल्याकडे इतकी मुरली आहे की म्हातारपण आणि विसरणं आपण एकच धरतो. आकडे तसं सांगत नाहीत. भारतात साठीच्या पुढच्या माणसांच्या देशव्यापी पाहणीतून २०२३ साली जो अंदाज पुढे आला, त्यानुसार या वयातल्या सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे ८८ लाख माणसं. संख्या प्रचंड आहे, पण तिचा दुसरा अर्थही पाहावा. साठी ओलांडलेल्या शंभरातल्या नव्वदांहून अधिक जणांना हा आजार नाही. ज्याला तो होतो, त्याला वयामुळे सगळ्यांना होणारं काहीतरी झालेलं नसतं. त्याच्या मेंदूला काहीतरी झालेलं असतं. आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरनं ज्या बाईचा मेंदू तपासून १९०६ साली हा आजार मांडला, ती आजाराच्या सुरुवातीला साठीचीही नव्हती. फ्रँकफर्टच्या रुग्णालयात आली तेव्हा ती ५१ वर्षांची होती.

आता दुरुस्त होऊ शकणारी कारणं. बी-१२ मी आधी घेतो, कारण ते आपल्या घराघरात आहे. हे जीवनसत्त्व सूक्ष्मजंतू तयार करतात. आपल्याला ते मांस, मासे, अंडी, दूध यांतून मिळतं. शेवग्याच्या पाल्यात, मेथीत, बदामात, खजुरात ते नसतं, कुणी कितीही सांगितलं तरी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे आणि भोवतालच्या गावांतल्या मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं होतं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दर तिघांपैकी दोघांचं बी-१२ कमी निघालं. ही धडधाकट, कामावर जाणारी माणसं होती. म्हातारपणी जठरातलं आम्ल कमी होतं, त्यामुळे खाल्लेल्या अन्नातलं बी-१२ सुटं होत नाही. वर ॲसिडिटीची गोळी आम्ल आणखी कमी करते आणि मेटफॉर्मिन शोषण अडवते. आईच्या बाबतीत आहार, वय आणि या दोन गोळ्या अशा चारही गोष्टी एकत्र आल्या होत्या. निरोगी माणसाला अर्धा लिटर दूध-दह्यातून दिवसाची गरज जवळजवळ भागवता येते. पण शोषणच बिघडलं असेल तर दुधाचा हंडा पालथा घालूनही उपयोग नाही, गोळी किंवा इंजेक्शनच लागतं. यात शाकाहार सोडा असं मी म्हणत नाही. शेगावात राहून तसं म्हणणारही नाही. चाळिशीनंतर शाकाहारी माणसानं वर्षा-दोन वर्षांतून ही एक तपासणी करून घ्यावी, एवढंच.

थायरॉईड मंदावलं की माणूस मंदावतो: थंडी वाजते, आवाज घोगरा होतो, बद्धकोष्ठ होतं आणि आठवण अडखळते. त्यावर रोज एक छोटी गोळी असते. मोरीत पाय घसरून डोकं आपटलेलं असतं, त्या दिवशी काहीच होत नाही आणि तीन-चार आठवड्यांनी आजोबा गोंधळू लागतात. कवटीखाली हळूहळू रक्त साठलेलं असतं, ते सीटी स्कॅनमध्ये दिसतं आणि शस्त्रक्रियेनं काढता येतं. चाल पाय चिकटल्यासारखी झाली, लघवीवर ताबा राहिला नाही आणि त्याबरोबर विसरणं आलं, तर मेंदूत पाणी साठल्याची शंका घ्यावी. त्यावरही शस्त्रक्रिया आहे. झोपेच्या गोळ्या, सर्दी-खाजेच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या, लघवी थोपवणाऱ्या काही गोळ्या, यांनी म्हाताऱ्या माणसाची आठवण धुकट होते. कितीतरी घरांत अल्प्राझोलामची पट्टी कुणी कधी सुरू केली हेही कुणाला माहीत नसतं. दुकानदार देतो, आपण आणतो. ती एकदम बंदही करू नये, डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू उतरवावी. दारू बी-१ जीवनसत्त्व खाते आणि त्याबरोबर नवी आठवण साठवण्याची शक्ती. आणि उदासी. जोडीदार गेल्यावर गप्प झालेला माणूस "आठवत नाही" म्हणतो, तेव्हा अनेकदा त्याला आठवायचंच नसतं. त्यावर उपचार आहे आणि तो लागू पडतो.

काही कारणं आमच्या मातीतली आहेत. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांतल्या कितीतरी गावांत विहिरी-बोअरचं पाणी तोंडात घेववत नाही, आणि याच गावांतून मूत्रपिंडाचे रुग्ण वर्षानुवर्षं अकोल्याकडे, नागपूरकडे जातात. मूत्रपिंड थकलं की रक्तातली घाण बाहेर पडत नाही आणि मेंदू सुस्तावतो. अशा माणसाला घरचे म्हणतात, "बाबा आजकाल भ्रमिष्टासारखं करतात." क्रिएटिनिनची एक तपासणी त्या वाक्याचा अर्थ सांगते. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो. रक्तदाबाची, लघवी वाढवणारी गोळी चालू असलेल्या म्हातारीच्या अंगातलं पाणी आणि सोडियम त्या उन्हात असं उतरतं की दोन दिवसांत ती मुलाला ओळखत नाही. विसरणं दोन-तीन दिवसांत एकदम आलं असेल तर तो अल्झायमर नसतो, ती तातडीची वेळ असते: सोडियम, लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, पक्षाघात यांपैकी काहीतरी. त्या दिवशी काढा करत बसू नये, गाडी करावी.

आणि फवारणी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी-शेतमजूर विषबाधेनं दगावले, तेव्हा देशाचं लक्ष गेलं. पण मरण न येता वर्षानुवर्षं थोडं थोडं अंगात जाणारं विष कुणी मोजत नाही. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं मेंदूतल्या ज्या एन्झाइमला अडवतात, त्याच एन्झाइमवर अल्झायमरची डोनेपेझिल ही गोळीही काम करते. गोळी तोलूनमापून देतात. पंप पाठीवर गळत असतो. चाळिशीतला फवारणी करणारा माणूस चिडचिडा आणि विसरभोळा झाला, तर त्याच्या कामाबद्दल विचारायला हवं, डॉक्टरनंही आणि घरच्यांनीही.

कारणाआधी नाव आणि उपाय हातात आला की काय होतं, हे आमच्या तालुक्यानं अलीकडेच पाहिलं. जानेवारी २०२५ मध्ये बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस मुठी-मुठीनं गळू लागले. काही दिवसांत टक्कल. 'टक्कल व्हायरस' हे नाव वाऱ्यासारखं पसरलं. आधी बुरशीचा संशय आला, मग पाण्याचा. पुढे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, ज्यांनी विंचूदंशावरच्या उपचाराचं मोठं काम केलं, त्यांनी रुग्णांच्या रक्तात आणि केसांत सेलेनियम भरमसाट वाढलेलं आणि जस्त घटलेलं आढळल्याचं मांडलं आणि रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. दोष ताटातल्या गव्हात असेल, तर डोक्याला कोणतं तेल लावावं या चर्चेला काय अर्थ उरतो? हे केसांबद्दल होतं, पण आठवणीबद्दलही हेच आहे. फरक इतकाच की टक्कल सगळ्यांना दिसतं आणि माध्यमं गावात येतात.

आता वनस्पतींकडे येतो. मला त्यांच्याबद्दल आदर आहे, आणि आदर असलेल्या गोष्टीबद्दल खरं बोलावं लागतं. चरकसंहितेत मेध्य म्हणजे बुद्धीला हितकर अशी चार रसायनं सांगितली आहेत: मंडूकपर्णीचा रस, ज्येष्ठमधाचं चूर्ण दुधाबरोबर, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क. यात ब्राह्मीचं नाव नाही हे पाहून पुष्कळांना नवल वाटतं. आपल्याकडे ओढ्याकाठी जमिनीवर पसरणारी, बेडकाच्या पायासारख्या गोल पानांची जी वेल ब्राह्मी म्हणून ओळखतात, ती मंडूकपर्णी. कोकणात तिला कारिवणा म्हणतात. दुसरी जलब्राह्मी, पाणथळ जागी वाढणारी, छोट्या जाड पानांची आणि पांढऱ्या-जांभळट फुलांची. दोन्ही बाजारात 'ब्राह्मी' म्हणूनच विकल्या जातात. बाटलीत कोणती आहे हे लेबलावरचं वनस्पतिशास्त्रीय नाव वाचल्याशिवाय कळत नाही, आणि ते नाव अनेकदा नसतं. जलब्राह्मीवर लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत काम झालं, परदेशांतही चाचण्या झाल्या. निरोगी माणसांना साधारण १२ आठवडे तिचा प्रमाणित अर्क दिल्यावर ऐकलेले शब्द आठवण्यात काहीशी सुधारणा दिसली. सुधारणा माफक होती आणि काहींचं पोट बिघडलं. अल्झायमर तिनं थांबतो, असा पुरावा नाही. परदेशात तेवढाच नावाजलेला गिंको तर ७५ च्या वरच्या तीन हजारांहून अधिक लोकांना वर्षानुवर्षं देऊन पाहिला. २००८ साली निकाल आला की त्यानं स्मृतिभ्रंश टळत नाही.

म्हणजे वनस्पती निरुपयोगी आहेत असं नाही. त्या ज्याच्यासाठी आहेत, त्यालाच त्या द्याव्यात. ज्येष्ठमध रोज आणि बराच काळ घेतलं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. रक्तदाबाच्या रुग्णाला ते आठवणीसाठी देणं म्हणजे पक्षाघाताला बोलावणं, आणि पक्षाघात हे स्वतःच आठवण जाण्याचं मोठं कारण आहे. गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवले. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य झाला नाही, पण यकृताचा त्रास असलेल्यानं जपावं हे शहाणपण दोन्ही बाजूंना चालण्यासारखं आहे. सगळ्यांत जास्त भीती वाटते ती पुडीतल्या, नाव नसलेल्या भस्मांची. २००४ साली अमेरिकेत बोस्टनच्या दुकानांत विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक औषधांची तपासणी झाली, तेव्हा दर पाचांतल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं होतं. शिसं मेंदूच खातं. आठवणीसाठी घेतलेल्या पुडीनं आठवण जावी, याहून वाईट काय?

पण चरकाकडे आणखी एक गोष्ट आहे, जी बाटलीत भरता येत नाही म्हणून कुणी विकत नाही. शारीरस्थानात स्मृती जागी होण्याची आठ कारणं सांगितली आहेत. निमित्त आहे, रूप ओळखणं आहे, सारखेपणा आहे, उलटेपणा आहे, मनाची एकाग्रता आहे, ज्ञान आहे. आणि दोन गोष्टी अशा आहेत की त्या वाचल्यावर मला आमच्या ओसरीवरचं पारायणच दिसलं: अभ्यास आणि पुनःश्रुत. पुन्हा पुन्हा करणं आणि पुन्हा ऐकणं. दासगणूंनी १९३९ साली पूर्ण केलेल्या 'गजानन विजय' ग्रंथाचे २१ अध्याय शेगावातल्या बायका वर्षानुवर्षं मोठ्यानं वाचत, ऐकत आल्या. म्हणूनच आईला चहा आठवत नव्हता आणि पोथी आठवत होती. जुनं धान्य कोठारात खोल भरलेलं होतं. नवं धान्य मात्र कोठारापर्यंत पोचतच नव्हतं. अल्झायमरची सुरुवातही बहुधा मेंदूतल्या अशा कोठाराच्या दारापाशी, हिप्पोकॅम्पसमध्ये होते, आतलं कोठार मागाहून रितं होतं. पारायणानं स्मृतिभ्रंश टळतो असं मी म्हणणार नाही, तसं कुणी सिद्ध केलेलं नाही. पण डोळा, कान आणि जीभ एकदम कामाला लावणारी, चार माणसांत बसून करायची, ठरलेल्या वेळेची ही गोष्ट एकट्यानं मोबाइलवर बोट सरकवत बसण्यापेक्षा मेंदूला कितीतरी मानवते. ज्याला पोथी नको, त्यानं गाणी म्हणावीत, पाढे म्हणावेत, नातवंडाला रोज एक गोष्ट सांगावी.

चालणं तर शेगावला शिकवायला नको. इथून गजानन महाराजांची पालखी दर वर्षी पंढरपूरला पायी जाते, आणि ती परत येते त्या दिवशी खामगाव ते शेगाव हा १७ किलोमीटरचा रस्ता माणसांनी भरून जातो. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२० वयस्कर लोकांपैकी निम्म्यांना आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटं चालायला लावलं. वर्षभरानं त्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस सुमारे दोन टक्क्यांनी वाढलेला दिसला. नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्या बाकीच्यांचा तो घटला होता. हा उपाय फुकट आहे, फक्त वारीपुरता एक दिवस करून भागत नाही.

कान हा उपाय आहे असं कुणाला वाटत नाही. २०२४ साली 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञगटानं स्मृतिभ्रंशाची टाळता येण्यासारखी १४ कारणं मांडली. ती सगळी आवरली तर जगातले निम्म्याच्या जवळपास, ४५ टक्के, स्मृतिभ्रंश टळू शकतील किंवा लांबतील असा त्यांचा हिशेब आहे. त्यात रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, तंबाखू, दारू, बैठेपणा, एकटेपणा आणि खराब हवा आहे, तसा बहिरेपणा आहे आणि उपचार न केलेला नजरेचा दोषही आहे. ऐकू येईना की माणूस बोलण्यातून उठतो, आणि बोलण्यातून उठलेल्या माणसाचा मेंदू रिकामा बसतो. आजोबांच्या कानातला मळ काढणं, श्रवणयंत्र बसवणं, मोतीबिंदू वेळेत काढणं हे आठवणीचे उपाय आहेत. तंबाखूचा खर्रा सोडणं हा आहे. घोरणाऱ्या माणसाची झोप तपासणं हा आहे. ताटात पालेभाजी, डाळ, जवसाची चटणी असणं हा आहे. जवसातही अक्रोडासारखं ओमेगा-३ असतं आणि ते आमच्या विदर्भात पिकतं. बदाम चांगलेच, पण ज्याला परवडत नाहीत त्यानं मनाला लावून घेऊ नये.

ज्यांचं कारण दुरुस्त होण्यासारखं नाही, त्यांच्या घरच्यांना काय सांगू? आत्याच्या सहा वर्षांत आम्ही जे शिकलो ते एवढंच. वाद घालू नये. "आत्ताच तर जेवलीस" म्हटल्यानं तिला आठवण येत नसे, अपमान मात्र वाटे. त्याऐवजी वाटीत दोन फुटाणे दिले की ती शांत होई. रोजचा क्रम बदलू नये. आरशाला घाबरली तर आरसा झाकावा. शेवटच्या वर्षी तिला माझं नाव येत नव्हतं, पण आईनं आरती सुरू केली की तिचे हात टाळीसाठी वर यायचे. शेगावात ऋषिपंचमीला किंवा प्रगटदिनाला अशा माणसाला दर्शनाला आणणार असाल तर त्याच्या खिशात आणि कपड्याच्या आतल्या बाजूला नाव, गाव आणि फोन नंबर लिहून ठेवा. ध्वनिक्षेपकावरून हरवलेल्या माणसाचं वर्णन ऐकू येतं, ते त्यालाच आपलं गाव सांगता येत नसतं म्हणून. सेवेकरी 'माऊली' म्हणून हात धरतील, पाणी देतील. गाव मात्र त्या चिठ्ठीनंच कळेल. ज्येष्ठांसाठी देशभरात १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे. आणि जो सांभाळतो त्याला आठवड्यातून एक दुपार सुट्टी द्या. आत्याच्या सुनेची पाठ आणि झोप दोन्ही गेली होती, ते आम्हाला फार उशिरा दिसलं.

आई आता ७४ वर्षांची आहे. दर महिन्याला इंजेक्शन घेते, पोथी वाचते, आणि ब्राह्मीचं तेल अजूनही डोक्याला लावते. मी तिला नाही म्हणत नाही. तेलानं तिला बरं वाटतं, आणि कारण आता सापडलेलं आहे.

तुमच्या घरात कुणी तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागलं असेल, तर पुढची पानं नंतर वाचा. आज त्यांच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत भरा, विसरणं कधीपासून सुरू झालं ते कागदावर लिहा, आणि त्यांना घेऊन डॉक्टरांकडे जा. बी-१२, थायरॉईड, साखर, क्रिएटिनिन आणि सोडियम तपासलं का, हे तोंडानं विचारा. अहवाल हातात आल्यावर परत या. काढा कोणता घ्यायचा ते मग पाहू.

शेगाव, ऋषिपंचमी